साइटवर अपघात झाला तर: कामगार, मुकादम आणि इंजिनियर नेहमी विचारतात ते प्रश्न

मी ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एका साइटवर सेफ्टी ऑफिसर आहे. त्याआधी काही वर्षं उलवे आणि खारघरला काढली. खालचे बहुतेक प्रश्न सकाळच्या टूलबॉक्स टॉकनंतर (काम सुरू होण्याआधीचं सुरक्षेचं बोलणं), कॅन्टीनच्या रांगेत किंवा रात्री दहानंतर फोनवर मला विचारले गेलेत. ज्या भाषेत आले त्याच भाषेत ठेवलेत.

अपघात म्हणजे नेमकं काय? जरा खरचटलं तरी सांगायचं का?

हो. सळईने बोट कापलं, डोळ्यात वेल्डिंगची ठिणगी गेली, पायात खिळा घुसला, सगळं सांगायचं. कापलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. डोळ्यात कण राहिला तर दुपारी काही वाटत नाही आणि पहाटे माणूस ओरडत उठतो. फर्स्ट एडच्या खोलीत वही आहे, तिच्यात एक ओळ पडली की पुरे.

काही लागलंच नाही, थोडक्यात वाचलो. आता त्यात सांगण्यासारखं काय?

मला विचाराल तर सगळ्यात जास्त सांगण्यासारखं तेच आहे.

मागच्या एका साइटवरची गोष्ट. नवव्या मजल्यावर प्लंबिंगच्या डक्टचं भोक होतं, दोन बाय तीन फुटांचं. कुणीतरी त्यावर प्लायवुडचा तुकडा टाकून ठेवला होता. खिळा नाही, रंग नाही. सेंट्रिंगच्या गँगमधल्या एका पोराला वाटलं, प्लाय फुकट पडलाय. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला, छातीसमोर धरला आणि पुढे पाऊल टाकलं. प्लाय समोर असल्यामुळे खाली भोक आहे हे त्याला दिसणारच नव्हतं. त्याचं नशीब असं की प्लाय आडवा अडकला आणि तो काखेपर्यंत आत जाऊन लोंबकळला. दोघांनी ओढून काढला. सगळे हसले, चहा झाला, प्लाय परत भोकावर टाकला आणि विषय संपला. मला कुणी काही बोललं नाही.

तीन दिवसांनी तोच प्लाय दुसऱ्या माणसाने उचलला. तो एक मजला खाली, डक्टमधल्या पाइपच्या आधारावर आदळला. नडगी दोन ठिकाणी मोडली. चौकशीत पहिल्या पोराने सगळं सांगितलं आणि मग म्हणाला, "साहेब, मला कुठे लागलं होतं?"

तेव्हापासून आमच्याकडे भोकावरचं झाकण चारही बाजूंनी ठोकलेलं असतं आणि त्यावर लाल रंगात 'खाली भोक आहे' असं हिंदीत आणि मराठीत लिहिलेलं असतं. मोठ्या डक्टला नुसतं झाकण चालत नाही. चारही बाजूंनी कठडा आणि खाली जाळी लागते. सैल प्लाय दिसला तर उचलू नका, तिथेच उभे राहा आणि हाक मारा.

सांगितलं तर खाडा पडेल, पास बंद होईल. मग कशाला सांगू?

ही भीती खरी आहे, ती उडवून लावणार नाही. 'झिरो अ‍ॅक्सिडेंट' असा बोर्ड लावून महिन्याला बक्षीस वाटणाऱ्या साइट मी पाहिल्यात. तिथे अपघात थांबत नाहीत, फक्त वहीत यायचे थांबतात. बक्षीस बुडू नये म्हणून अख्खी गँग एकाची जखम लपवते.

आमचा नियम असा: स्वतःहून सांगितलेल्या घटनेबद्दल पास बंद होत नाही आणि फर्स्ट एडला गेलेल्या वेळेचे पैसे कापले जात नाहीत. मुकादमाने कापले तर मला सांगा. बोर्ड आमच्याकडेही आहे, पण त्यावर महिन्याला किती 'थोडक्यात वाचलो' कळले तो आकडा असतो. तो कमी झाला की मला झोप लागत नाही.

पहिला फोन कुणाला?

अँब्युलन्स लागणार असेल तर १०८. आग किंवा आणखी काही असेल तर ११२. मग सेफ्टी ऑफिसर आणि साइट इंजिनियर. मुकादमाला आधी विचारून मग फोन करायची गरज नाही. गेट नंबर आणि टॉवर नंबर सांगा. 'हायपरसिटीच्या पुढे' एवढ्यावर घोडबंदर रोडला अँब्युलन्स सर्व्हिस रोडवरच फिरत राहते. एक माणूस गेटवर पाठवा आणि एकाने माल चढवायची लिफ्ट मोकळी करून खाली धरून ठेवा.

माणूस पडलाय. त्याला उचलायचं की नाही?

उंचावरून पडलेल्या माणसाला हातपाय धरून उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. मणक्याला मार असेल तर उचलण्यामुळेच तो कायमचा अधू होऊ शकतो. मान हलू देऊ नका, त्याच्याशी बोलत राहा, स्ट्रेचर येऊ द्या. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबून धरा. तो श्वास घेत नसेल तर मात्र थांबायचं नाही, छातीवर दाब देणं लगेच सुरू करायचं. प्रत्येक गँगमधल्या दोघांना हे शिकवलंय, त्यांच्या हेल्मेटवर हिरवा क्रॉस आहे.

विजेचा धक्का बसला असेल तर आधी मेन स्विच बंद. हात लावायला गेलेला दुसरा माणूस आधी जातो.

मातीचा ढिगारा कोसळला तर पोकलेन लावायची घाई करू नका. बकेटला खाली कोण आहे ते दिसत नाही.

हार्नेस लावलेला माणूस लटकला. तो वाचलाच ना?

अजून नाही. पट्ट्यांवर निश्चल लटकलेल्या माणसाच्या मांड्यांत रक्त साठतं आणि काही मिनिटांत तो बेशुद्ध होऊ शकतो. त्याला खाली कसं घ्यायचं हे वर चढायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट मुकादमांनाही पटत नाही. पहिल्या मजल्यावर, पडताना उलगडून झटका कमी करणाऱ्या शॉक अ‍ॅब्झॉर्बरची लांब दोरी लावून उपयोग नसतो. दोरी साधारण दोन मीटर, अ‍ॅब्झॉर्बर उघडतो तो पावणेदोन मीटर, त्यात माणसाची उंची आणि थोडं अंतर. म्हणजे खाली सहा मीटर मोकळे हवेत. तेवढे नसतील तर हार्नेस असूनही माणूस जमिनीवर आदळतो. तिथे कठडा हवा, जाळी हवी, नाहीतर आखूड दोरी हवी. आणि हुक परांचीच्या पाइपाला नाही, लाइफलाइनला, म्हणजे त्यासाठी वेगळ्या बांधलेल्या दोरीला.

स्लॅब भरायचाय, आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या उभ्या आहेत. जागा साफ करून काम चालू करू?

नाही. गाड्या परत जाऊ देत. जखमीला बाहेर काढायला किंवा दुसरा धोका टाळायला जेवढं हलवावं लागेल तेवढंच हलवा. बाकी तुटलेला क्लॅम्प, सुटलेली दोरी, पडलेला प्रॉप जिथे आहे तिथे राहू दे. फोटो काढा, दोरी बांधा. एकदा एका साइटवर तुटलेला स्लिंग, म्हणजे माल उचलायचा पट्टा, भंगारात गेला आणि तो जुना होता की जास्त वजनाने तुटला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पुढचा स्लिंग मग कुठल्या भरवशावर वापरायचा?

सरकारला कधी कळवावं लागतं?

बांधकाम कामगारांचा १९९६ चा जुना कायदा असो किंवा त्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली व्यावसायिक सुरक्षा संहिता असो, कसोटी एकच: मृत्यू झाला, किंवा जखमेमुळे माणूस ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर कळवणं बंधनकारक. केंद्राच्या १९९८ च्या नियमांत मुदतही आहे. मृत्यू असेल तर ४ तासांत, इतर अपघातांत ७२ तासांत. मृत्यू असेल तर पोलिसांनाही. ज्यांना कळवायचं त्या यादीत माणसाच्या जवळच्या नातेवाइकाचं नावही आहे, हे बऱ्याच इंजिनियरांना माहीत नसतं. घरच्यांना फोन करणं हे माणुसकीचं काम आहेच, पण ते नियमातलंही आहे.

काही घटना कुणाला ओरखडाही आला नसला तरी कळवायच्या असतात: क्रेन उलटली, लिफ्ट किंवा उचलण्याचं यंत्र निकामी झालं, परांची किंवा माती कोसळली, आग लागली, स्फोट झाला.

४८ तासांचं कसं मोजायचं? आमचा माणूस दुसऱ्या दिवशी आला होता.

आला होता की आणला होता? पायाला प्लास्टर असलेल्या माणसाला खुर्चीत बसवून हजेरी लावण्याचा प्रकार मला माहीत आहे. तो गवंडी आहे आणि त्याला गवंडीकाम करता येत नाहीये. ते नोंदवा.

ठेकेदार म्हणतो, डॉक्टरांना सांग मोटरसायकलवरून पडला. काय करू?

खरं सांगा. दवाखान्यातल्या पहिल्या कागदावर जे लिहिलं जातं ते पुढे वर्षानुवर्षं चिकटून राहतं. 'दुचाकीवरून पडला' असं लिहिलं की भरपाईच्या दाव्यात समोरचा वकील तोच कागद पहिल्यांदा काढतो. शिवाय डॉक्टरांना पडण्याची उंची कळली नाही तर ते पोटातला मार शोधणार नाहीत. सोळा फुटांवरून पडलेला आणि स्कूटरवरून पडलेला, दोघांची तपासणी सारखी होत नाही. कळवा असो, वाशी असो की कामोठे, केसपेपरवर 'बांधकामावर काम करताना, अमुक उंचीवरून' हे शब्द आलेत का ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर फोटो काढून मला पाठवा.

पोलीस आले म्हणजे आता कुणाला तरी अटक होणार?

मृत्यू झाला की आकस्मिक मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं. निष्काळजीपणा दिसला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा लागू शकतो, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. जबाब देताना जे पाहिलं तेवढंच सांगा. 'बहुतेक असं झालं असेल' हे वाक्य जबाबात येऊ देऊ नका.

मी ठेकेदाराचा माणूस. भरपाई कंपनी देणार की ठेकेदार?

तुमच्या दृष्टीने हा प्रश्नच नाही. कर्मचारी भरपाईचा १९२३ चा कायदा मुख्य मालकाला, म्हणजे कंपनीला, जबाबदार धरायचा, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेली सामाजिक सुरक्षा संहिताही तेच सांगते. त्याने पैसे द्यायचे आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचे ते त्याचं तो बघेल. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा चालू असेल तर मात्र लाभ ईएसआयकडून मिळतो.

किती मिळते?

मृत्यू असेल तर महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर अर्ध्याऐवजी ६० टक्के. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार या गणितात पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, पंधरा लाख एकोणसाठ हजार आठशे पन्नास. चाळिशीच्या माणसाचा आकडा १८४.१७. हेच सूत्र नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आलंय.

हे गणित मी मुद्दाम टूलबॉक्स टॉकमध्ये फळ्यावर करून दाखवतो, कारण गावाहून आलेल्या भावाला लेबर कॅम्पमध्ये बसवून 'दोन लाख घे आणि सही कर' म्हणणारे लोक असतात. मृत्यूची भरपाई सरकारने नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे (जुन्या कायद्यात आयुक्तांकडे) जमा करावी लागते. हातोहात दिलेले पैसे कायदा भरपाई मानत नाही. एक महिन्याच्या वर टाळाटाळ झाली तर १२ टक्के व्याज लागतं, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंडही. दाव्याची मुदत दोन वर्षं. उपचाराचा खर्च वेगळा मिळतो, म्हणून औषधाची बिलं फेकू नका.

हेल्मेट घातलं नव्हतं. मग भरपाई गेलीच?

असं ठेकेदार सांगतात. कायदा वेगळं सांगतो. दारूच्या नशेत असणं, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडणं, यंत्राचं गार्ड मुद्दाम काढणं, या कारणांनी भरपाई नाकारता येते, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तीही कारणं चालत नाहीत. आणि 'जाणूनबुजून' हे मालकाला सिद्ध करावं लागतं. ज्या साइटवर पन्नास माणसांना तीस हेल्मेट आहेत तिथे ते सिद्ध करून दाखवा म्हणावं.

याचा अर्थ हेल्मेट काढा असा नाही. हनुवटीचा पट्टा लावलेला नसेल तर ते डोक्यावरची टोपी आहे. माणूस पडायच्या आधी ते पडतं.

मंडळाची नोंदणी केली नाही तर काय फरक पडतो?

बराच. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम, एवढ्यावर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी होते. कामावर मृत्यू झाला तर मंडळाचे पाच लाख वारसाला मिळतात, वरच्या भरपाईशिवाय. बांधकामाच्या खर्चावर जो एक टक्का उपकर भरतात, तो तुमच्यासाठीच असतो. अडतं ते ९० दिवसांच्या दाखल्यावर. आमच्या साइटचा दाखला टाइम ऑफिसमध्ये मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर नाव सांगा. दरवर्षी नूतनीकरण विसरू नका.

धोका दिसतोय, पण इंजिनियर म्हणतो चढ. नाही म्हणता येतं?

येतं. तात्काळ गंभीर धोका वाटला तर तो मालकाच्या आणि सुरक्षा समितीच्या नजरेला आणण्याचा अधिकार व्यावसायिक सुरक्षा संहितेत आहे, आणि धोका खरा असेल तर मालकाने लगेच उपाय करायचा असतो. कागदावरचा अधिकार वापरणं बाराव्या मजल्यावर किती अवघड असतं ते मी जाणतो. म्हणून आमच्याकडे 'थांबा' हा शब्द ठेवलाय. हा शब्द कुणीही, अगदी काल आलेल्या बिगारीनेही उच्चारला की काम थांबतं आणि मी किंवा माझा सहकारी वर येईपर्यंत सुरू होत नाही. आतापर्यंत यातले निम्मे 'थांबा' विनाकारण निघालेत. चालतं.

कामाच्या लिफ्टमध्ये इतकी कटकट का? दोन माणसं जास्त झाली तर काय होतं?

१० सप्टेंबर २०२३ ला बाळकुमला, म्हणजे आमच्या गेटपासून रिक्षाच्या अंतरावर, चाळीस मजली इमारतीची कामाची लिफ्ट कोसळून सात कामगार गेले. गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग आटोपून ते खाली येत होते. त्यानंतर काही महिने आमच्याकडे कुणी लिफ्टमनशी वाद घातला नाही. मग परत सुरू झालं. लिफ्टमन नाही म्हणाला की नाही. सकाळची तपासणी वहीत सही करून झाल्याशिवाय पहिली फेरी होत नाही, आणि त्या फेरीत माणसं नसतात.

पावसाळ्यात वेगळं काय?

दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात उतार किंवा आधार दिल्याशिवाय उतरायचं नाही, आणि रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी पुन्हा तपासल्याशिवाय तर नाहीच. खाडीलगतच्या भरावाची माती कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते आणि भिजली की ताकासारखी होते. वायरचे जोड जमिनीवर नकोत. प्रत्येक बोर्डला ३० मिलीअँपिअरला तुटणारा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवा. तो सारखा पडतोय म्हणून कुणी बायपास केला तर त्याच दिवशी गेटच्या बाहेर. सगळ्या साइटवर ही एकच गोष्ट मी माफ करत नाही.

साइटवर येताना रस्त्यात अपघात झाला तर?

नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत घर ते काम या प्रवासातला अपघातही येतो, वेळ, जागा आणि कामाशी संबंध दाखवता आला तर. गायमुखच्या घाटात डंपरच्या मागे दुचाकी घालणाऱ्यांनी यावर विसंबू नये. पण झालंच तर त्याच दिवशी कळवा.

अपघाताचे फोटो ग्रुपवर टाकू का?

जागेचे फोटो मला पाठवा. जखमी माणसाचे कुणालाच नाही. मागे एकाच्या बायकोला नवऱ्याचं कळलं ते गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून.

रिपोर्टमध्ये कारण काय लिहायचं? आम्ही 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहितो.

लिहू नका. असा रिपोर्ट आला की मी परत पाठवतो आणि ज्युनियर इंजिनियर माझ्यावर चिडतात.

एक उदाहरण. आधी आलेला रिपोर्ट: 'कामगार निष्काळजीपणे चालत असताना घसरून पडला.' परत पाठवल्यावर आलेला: 'सायंकाळी ६:४०. चौथा मजला, जिन्याचा दुसरा टप्पा. रेलिंग नाही, बल्ब गेलेला, पायरीवर ओला सिमेंटचा राडा. फिटरच्या खांद्यावर पाच सळया. उजवा पाय घसरून सात पायऱ्या खाली. पर्यायी जिन्यावर प्लंबरचा माल ठेवलेला.' दुसरा रिपोर्ट वाचल्यावर काय करायचं ते मला विचारावंही लागलं नाही. बल्ब, रेलिंग, राडा, प्लंबरचा माल. पहिल्यातून काय निघणार? 'नीट चाला' असा एक बोर्ड.

वेळ, जागा, उजेड, हातात काय होतं, पायाखाली काय होतं, आधी तिथे काय झालं होतं, कुणी पाहिलं. मत नंतर.

एवढं सगळं कुणी शिकवतं का? की अनुभवावरच?

शिकवतात. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालयच सीबीडी बेलापूरला आहे. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, बिल्ला लावून फोटो काढण्यापेक्षा मुकादमांना तिथल्या प्रशिक्षणाला पाठवा, असं मी व्यवस्थापनाला दरवर्षी सांगतो. गेल्या वर्षी तिघे गेले.

मला लिहिता येत नाही, मराठीही धड येत नाही. मी कसं कळवू?

फोनवर बोला, व्हॉइस मेसेज करा, किंवा हात धरून मला तिथे घेऊन चला. बंगाली, तेलुगू, ओडिया, काहीही चालेल, कॅम्पमध्ये समजावून सांगणारा कुणीतरी सापडतोच. आमच्या वहीतली सगळ्यात उपयोगी नोंद एका चित्राची आहे. बार बेंडिंगच्या गँगमधल्या एकाने कॉलमच्या उभ्या सळया काढल्या आणि त्यांच्या टोकांवर एक माणूस पडताना दाखवला, बस. दुसऱ्या दिवशी सळयांच्या टोकांवर बसवायच्या दोनशे प्लास्टिकच्या टोप्या मागवल्या.